खालच्याने वरच्याकडे बघायचं नाही

हिमाचलातल्या बीर गावाच्या वर, बिलिंगच्या टेकऑफवर, म्हणजे जिथून उडी घेतात त्या उतारावर, आम्ही सव्वानऊला पोहोचलो आणि पावणेअकरापर्यंत मॅगी खात बसलो. पॅराग्लायडिंगचे व्हिडिओ बघून जे लोक आम्हाला शूरवीर समजतात, त्यांना हा भाग कोणी दाखवत नाही. गवताचा उतार, कडेला चहा-मॅगीच्या टपऱ्या, झाडांच्या सावलीत पसरलेल्या बॅगा आणि दर दोन मिनिटांनी समोरून पळत जाऊन हवेत उचललं जाणारं एक टँडेम. पुढचा पर्यटक किंचाळतो, मागचा पायलट शांतपणे ब्रेकच्या दोऱ्या सावरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत दोघं खाली बीरच्या लँडिंगवर. पर्यटकांना खालीच जायचं असतं, म्हणून त्यांना सकाळची गार, निवांत हवा चालते. आम्हाला वर जायचं होतं आणि त्यासाठी डोंगर तापावा लागतो.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंद असतात. पावसाळा सरला की आभाळ धुऊन निघतं आणि जगभरचे पायलट बीरमध्ये येऊन पडतात. २०१५ साली इथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला तेव्हापासून तर ऑक्टोबरात खोली मिळायची मारामार. आम्ही चौघं पुण्याहून दिल्ली आणि तिथून रात्रीची बस, असे आलो होतो. सगळे कामशेतला शिकलेले. म्हणजे संध्याकाळी पश्चिमेचा वारा टेकडीला आपटून वर वळतो, त्यावर तासभर इकडून तिकडे झुलायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. ते विहिरीतलं पोहणं झालं, इथे नदी आहे.

चौघांची ओळख. अण्णा, वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, कोल्हापूरकडचे. खिशात कायम एक छोटी वही. त्यात प्रत्येक उड्डाणाची नोंद पासबुकासारखी. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, साताऱ्याचे. आयटीतली एक सत्तावीस वर्षांची मुलगी, जिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात आणि जी आमच्यापैकी कोणाहीपेक्षा चांगली उडते. आणि मी. माझं छपाईचं दुकान आहे, आणि बायकोच्या मते हा सगळा प्रकार म्हणजे चाळिशीनंतरचं खूळ.

बेत असा: बिलिंगहून धौलाधारच्या पुढच्या रांगा धरत वायव्येला पालमपूर, पुढे हिमानी चामुंडा, जमलं तर धरमशाला, आणि तसंच परत. सरळ रेषेत धरमशाला चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ऐंशीच्या वर. इंजिन नाही. आमच्या वर्गातलं ग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे जातं, तेही पुस्तकात. समोरून वारा असला, हवा खाली बसणारी असली की नवाचे पाच व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा आधी ऊन्ह खाऊन सुटलेली हवा शोधायची, म्हणजे थर्मल. त्यात गोल फिरत हजारेक मीटर वर जायचं, मग ती उंची खर्च करत पुढच्या डोंगरापर्यंत घसरायचं आणि तिथे परत तेच. अण्णा याला ‘पगार आणि खर्च’ म्हणतात. बँकवाल्याला दुसरं काय सुचणार.

थर्मल दिसत नाही, ही यातली ग्यानबाची मेख. व्हेरिओ नावाचं यंत्र वर जाताना पीं-पीं करतं, खाली जाताना रडतं, पण तुम्ही जिथे आहात तिथलंच सांगतं. पलीकडे दोनशे मीटरवर काय आहे ते फक्त दुसरं कोणी तिथे फिरत असेल तर कळतं. म्हणून चौघांनी जायचं. एकमेकांपासून लांब पसरून, जाळं टाकल्यासारखं. ज्याला वर नेणारी हवा मिळेल तो फिरायला लागला की बाकीच्यांनी त्याच्याकडे वळायचं. यावर अण्णांचा एक नियम आहे आणि मॅगी संपवताना त्यांनी तो परत ऐकवला.

“खालच्याने वरच्याकडे बघायचं नाही. वरचा चढतोय म्हणून त्याच्या खाली जाऊन उभं राहायचं नाही. त्याचा गरम हवेचा फुगा सुटून गेलेला असतो. बघायचं तर आपल्या पातळीवर, नाहीतर आपल्या खाली.”

“अण्णा, हे तुम्ही कालही सांगितलंत,” डॉक्टर म्हणाले.

“काल तुम्ही ऐकलंत कुठे?”

अकराला धाकटी गेली. उतारावर पंख पसरून, दोऱ्या तपासून, वाऱ्याकडे तोंड करून ती उभी राहिली, पंख डोक्यावर आला, दोन पावलं आणि गेली. तिच्यामागे आम्ही. माझा पहिला प्रयत्न वाकडा गेला, पंख डावीकडे कलून बसला, मागच्या रांगेतून कोणीतरी इंग्रजीत उसासा टाकला. दुसऱ्या वेळी सुटलो.

टेकऑफ साधारण २४०० मीटरवर, बीर त्याच्याखाली हजारेक मीटर. टेकऑफच्या उजवीकडच्या सोंडेवर रोजचं पहिलं थर्मल असतं आणि तिथे एकाच वेळी पंचवीस-तीस पंख फिरत होते. रंगीत कागदाचे तुकडे भोवऱ्यात सापडावेत तसे. आधीचा ज्या बाजूला वळतोय त्याच बाजूला वळायचं, हा एकच कायदा, आणि तो सगळे पाळतात, कारण न पाळणाऱ्याला शिव्या पाच-सहा भाषांत पडतात. वीस मिनिटांत ३१०० झाले. खाली तिबेटी वसाहतीतल्या मठांचे पिवळे-सोनेरी कळस, कापणीला आलेल्या भाताच्या पायऱ्या. डाव्या हाताला हा सगळा हिरवा-पिवळा सपाट प्रदेश आणि उजव्या हाताला एकदम हिमालय. मधे काही नाहीच. धौलाधारची गंमतच ही: बाकी ठिकाणी मोठ्या डोंगरांच्या आधी लहान डोंगर येतात, तुम्हाला सवय होत जाते. इथे कांगड्याच्या खोऱ्यातून साडेचार हजारांची भिंत थेट उभी राहते. सह्याद्रीत घाटमाथ्यावरून कोकण बघतो तसं, फक्त कोकणातून वर बघतोय असं समजायचं आणि कडा चौपट.

पहिली मोठी उडी उतराला गावाच्या दरीवरची. बैजनाथकडे खाली जाणारी बिनवा खड्ड तिथून निघते. इकडे ओढ्या-नद्यांना खड्ड म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटतं रस्त्यावरच्या खड्ड्यांची चर्चा चाललीय. ही दरी ओलांडायला निदान ३२०० हवेत असं आदल्या रात्री ठरलं होतं. मी २९०० वरच निघालो. का, तर समोर दोन परदेशी पायलट निघाले म्हणून. त्यांचे पंख स्पर्धेचे, माझा घरगुती. स्कूटरवाल्याने बुलेटच्या मागे लागावं तसं.

दरी ओलांडेपर्यंत मी २०००च्या खाली आलो होतो. समोरच्या सोंडेची झाडं डोळ्यांच्या रेषेत. डोक्यावर, फार वर, धाकटीचा केशरी पंख. वॉकीटॉकीवर डॉक्टर म्हणाले, “तिथून लँडिंग दिसतंय का?” म्हणजे धीर द्यायची त्यांची पद्धत. लँडिंग दिसत होतं, खाली उतराल्याच्या वाटेवर एक बरं शेत मी हेरून ठेवलं होतं. ते हेरून ठेवलं की मग माणूस जरा मोकळेपणाने शोधू शकतो. सोंडेच्या आग्नेयेला तोंड करून असलेल्या अंगाला चिकटून मी येरझाऱ्या घालायला लागलो. सकाळचं ऊन त्याच अंगाला सगळ्यात जास्त वेळ लागलेलं. वर शून्य, खाली शून्य. व्हेरिओ गप्प.

मग खालून गिधाडं आली. दोन, हिमालयातली मोठी, बदामी रंगाची, पंखांचा पसारा माझ्या दोन्ही हातांच्या दीडपट. माझ्या पन्नास मीटर खाली, खडकाच्या एका नाकापाशी ती वळली आणि पंख न हलवता वर यायला लागली. आपल्या खाली बघायचं. मी तिकडे सरकलो, डावा ब्रेक ओढला, वजन डावीकडे टाकलं आणि हार्नेस, म्हणजे बसायची झोळी, कोणीतरी खालून ढकलल्यासारखं उचललं गेलं. दोन मीटर सेकंदाला, तीन, साडेचार. गिधाडांनी मला मधे घेतलं. त्यातलं एक इतकं जवळून गेलं की त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलेलं मला दिसलं. त्या नजरेत आदर वगैरे नव्हता. हा कोण येडपट इतकी भांडी वाजवत फिरतोय, असं काहीतरी. याच दिवसांत या रांगेच्या कडेकडेने गवताळ प्रदेशातले गरुडही शेकड्यांनी स्थलांतर करत असतात. दोन-तीन लांबून दिसले, त्यांना मात्र आमच्यात अजिबात रस नव्हता.

सोंड सोडली तेव्हा ३४०० होते आणि माझी पंचवीस मिनिटं गेली होती. बाकीचे तिघं पुढच्या कड्यावर फिरत माझी वाट बघत होते. हवेत वाट बघणं ही खरी मैत्री, कारण थर्मल कोणासाठी थांबत नाही. थांबायचं म्हणजे हातातली चांगली हवा वाया घालवायची. कोणी काही बोललं नाही. अण्णांनी फक्त “चला” म्हटलं.

पुढचा तास उत्तम गेला आणि उत्तम तासाबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं. एका दक्षिणमुखी भिंतीवर आम्ही ३८०० पर्यंत चढलो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. माणूस आनंदी आणि किंचित मूर्ख होतो. बोटं दोन हातमोज्यांतही बधिर. खिशातली लोणावळ्याची चिक्की इतकी कडक झाली होती की दाताखाली धरल्यावर डॉक्टरांची आठवण आली. मागे, रांगेच्या पलीकडे, बर्फाची आणखी एक रांग आणि तिच्याही मागे आणखी एक. तिकडे जायची इच्छा होते, आणि जाणारे जातातही. पण मागे गेलात की रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि आपल्याकडे सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बाळगताही येत नाही. आमचा ठराव होता: खोरं कायम दिसलं पाहिजे, जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या.

पालमपूरच्या वर नेउगल खड्डची घळ आहे, खाली चहाचे मळे. ती ओलांडून पलीकडच्या सोंडेच्या कोपऱ्यावरून वळताना मी वाऱ्याच्या आडोशाच्या, म्हणजे घुसळलेल्या हवेच्या बाजूला शिरलो. कळायच्या आत उजवा ब्रेक हातात सैल पडला. वर बघितलं तर पंखाचा उजवीकडचा जवळजवळ अर्धा भाग वर्तमानपत्राची घडी घालावी तसा मिटलेला. ग्लायडर उजवीकडे, म्हणजे डोंगराकडे वळायला लागलं. या क्षणी काय करायचं ते शंभर वेळा वाचलेलं, दोनदा सरावासाठी तलावावर लाइफ जाकीट घालून केलेलं: वजन उघड्या बाजूला, त्या बाजूचा ब्रेक थोडा, आधी दिशा सांभाळ, मग मिटलेली बाजू उघड. तीन सेकंद असतील. फटकन आवाज होऊन पंख उघडला. पन्नासेक मीटर गेले होते आणि तोंडाला कोरड पडली होती. भीती नंतर येते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या तीन सेकंदांत मी फक्त कारकुनी करत होतो.

“दादा, ठीक?” धाकटी.

“ठीक.” आवाज माझ्याच ओळखीचा वाटला नाही.

इथे अण्णांनी परत फिरायचं ठरवलं. दीड वाजला होता. धरमशालेच्या बाजूच्या शिखरांवर ढग मोठे व्हायला लागले होते. बूड काळपट, अंग फुगीर. अण्णा म्हणाले, “मला हे आवडत नाही. दोन तासांनी यांची सावली आपल्या परतीच्या वाटेवर असेल.” डॉक्टर त्यांच्याबरोबर गेले. मला वाटतं डॉक्टरांना पुढे यायचं होतं, पण एकसष्ट वर्षांच्या माणसाला एकटं कसं सोडायचं. आणि अण्णांना वाटत होतं की डॉक्टर दमलेत, त्यांना एकटं कसं पाठवायचं. हे दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

मी आणि धाकटी पुढे गेलो. हिमानी चामुंडाचं जुनं देऊळ एका उंच धारेवर आहे. लोक तासन्‌तास चढून तिथे येतात. आम्ही त्याच्या वरून गेलो तेव्हा अंगणात काही माणसं होती, त्यांनी हात केले. चालत येणाऱ्यांच्या देवळावरून फुकटात जाताना जरा ओशाळल्यासारखं झालं, मी बसल्या बसल्या नमस्कार केला. तिथून धरमशालेचं क्रिकेट स्टेडियम दिसतं. लांब, एखाद्या बशीएवढं. धाकटी म्हणाली, “अजून दहा-बारा किलोमीटर. जायचं?” मी मागे बघितलं. पालमपूरच्या भिंतीवर सावली आली होती. अण्णांच्या दोन तासांचा पाऊणच झाला होता.

फिरलो.

परतीच्या वाटेवर सगळं मऊ झालं होतं. सावलीतला डोंगर म्हणजे विझलेली चूल. वर थोडी धग असते, पण त्यावर काही शिजत नाही. नेउगलच्या अलीकडे मी २३०० वर पोहोचलो, धाकटी माझ्या तीनेकशे मीटर वर आणि जरा पुढे. आणि ती फिरायला लागली. चढत होती, स्वच्छ दिसत होतं. मला नियम माहीत होता. सकाळी मॅगीबरोबर ऐकला होता, गिधाडांनी सिद्ध करून दाखवला होता. डाव्या बाजूला, माझ्याच पातळीवर, एका उघड्या खडकावर अजून ऊन होतं आणि त्यावरून वाळकी पानं उडताना दिसत होती. तिकडे जायला हवं होतं.

मी धाकटीच्या खाली गेलो. तिथे काही नव्हतं. एक फेरी, दुसरी, तिसरी. प्रत्येक फेरीला वीस-पंचवीस मीटर कमी आणि ती आणखी वर. तिचा फुगा सुटून गेला होता आणि मी रिकाम्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. खडकाकडे वळलो तेव्हा ऊन त्यावरूनही सरकलं होतं.

“तू जा,” मी सांगितलं. “थांबू नको.”

“नक्की?”

“नक्की. मला लँडिंग दिसतंय.”

खड्डाच्या पात्रात उतरायचं नाही. धोंडे असतात आणि दुपारी घळीतून वारा पन्हाळीतल्या पाण्यासारखा येतो. चहाच्या मळ्यात उतरायचं नाही. झुडपं पंख फाडतात आणि मालक आपल्याला. उरली भाताची शेतं, कापलेली. त्यांवर विजेच्या तारा असतात, आणि तारा वरून दिसत नाहीत. खांब शोधायचे आणि मनातल्या मनात त्यांच्यामधे रेघा मारायच्या. एका घराच्या चुलीचा धूर पूर्वेकडे झुकत होता, वारा कळला. दोन पायऱ्यांमधल्या एका लांबट तुकड्यावर, पेंढ्यांच्या दोन ढिगांच्या मधे, मी पळत उतरलो आणि शेवटच्या पावलाला धसकटात अडकून गुडघ्यावर बसलो.

बांधावर एक आजी विळा घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी विचारलं, “कहाँ से आए?”

“बीर से, अम्मा.”

“वो तो पता है, सब वहीं से गिरते हैं. घर कहाँ है?”

“पूना.”

त्यांचा चेहरा बदलला. त्यांचा मुलगा फौजेत, तीन वर्षं पुण्यात होता. पुण्यात पाऊस फार आणि भाजीत गूळ घालतात, एवढी माहिती त्यांच्याकडे होती. मी पंख घडी करेपर्यंत त्यांनी चहा आणला, पितळेच्या पेल्यात, भरपूर साखरेचा. शेजारची चार पोरं पंखाच्या टोकांवर बसून मला घडी घालायला मदत करत होती, म्हणजे घडी होऊ देत नव्हती. शेतापलीकडच्या वाटेने एका गद्दी धनगराचा कळप उतरत होता. उन्हाळाभर रांगेच्या पलीकडच्या कुरणांत राहून ही माणसं थंडीच्या आधी खिंडी ओलांडून खाली येतात. शे-दोनशे मेंढरं, बकऱ्या, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेला एक झिपरा कुत्रा. ज्या भिंतीच्या माथ्याला मी दुपारी बोटभर उंचीने शिवून आलो होतो, ती हा माणूस पायी ओलांडून आला होता. त्याने माझ्या बॅगेकडे एकदा बघितलं आणि आजींना त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. आजी हसल्या. मला सांगितलं नाही.

सोळा किलोची बॅग मांडीवर घेऊन बसने बैजनाथ, तिथून टॅक्सीने बीर. कंडक्टरने बॅगेचं अर्धं तिकीट लावलं. गटावर मी ‘सेफ’ टाकलं होतं, धाकटीचाही ‘सेफ’ आला होता, अण्णांचाही. डॉक्टरांचा नव्हता. सहा वाजले, साडेसहा झाले, अंधार पडला. फोन बंद. टॅक्सीतून मी त्या काळ्या डोंगराकडे बघत होतो आणि दुपारी ज्या सोंडा मला नावानिशी कळत होत्या, त्यांतली एकही ओळखू येत नव्हती.

डॉक्टर बीरमध्येच होते. चारलाच, अण्णांच्या पाठोपाठ, बरोबर लँडिंगच्या मधोमध उतरले होते. फोनची बॅटरी वर थंडीने मेली, तो चार्जिंगला लावून ते झोपले होते. अण्णा त्यांना भेटलेले, त्यामुळे अण्णांच्या मते विषय संपला होता. आम्हाला कळवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. धाकटीने दोघांनाही असं झापलं की तिबेटी हॉटेलातली बाई मोमोंची बशी हातात धरून थबकली.

थुक्पा येईपर्यंत अण्णांनी वही काढली. स्वतःपुढे लिहिलं: चार तास अठ्ठावन्न मिनिटं. डॉक्टरांपुढे चार तास पन्नास. धाकटी परत बिलिंगपर्यंत येऊन वर अर्धा तास हिंडली होती. तिचे आकडे तिने स्वतः लिहिले.

“तुझं काय लिहू?” त्यांनी मला विचारलं.

मी खडकाची, सावलीची, धाकटीच्या खालच्या तीन फेऱ्यांची सगळी हकिगत सांगितली. अण्णांनी ऐकून घेतली. काही बोलले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. वहीत मात्र लिहिलं, मी उलट्या बाजूने वाचलं: ‘पालमपूर. भाताचं शेत. चहा मिळाला.’

मग टोपण लावत म्हणाले, “उद्या जीप साडेआठला. मॅगी खालीच खाऊन निघू.”